आमच्या कॉम्प्युटरला कॅमेरा चालेल ना?

नाही, मी म्हणतो, माणसानं सरळ 'नाही चालणार' म्हणून टाकावं! काय जातं हो? जीभ झिजते? गिऱ्हाईक शाप देतं? पण नाही... समोरच्यानं नुसतं विचारायचा अवकाश, 'भाऊ, चालेल का?' की ह्यांच्या तोंडावर तयारच, 'चालेल ना!' आणि तो शेवटचा 'ना' तरी कसा लांबवतात... 'चालेल नाऽऽ!' जसं काही आपण विचारून त्यांच्या बापजाद्यांचा अपमान केला! तुम्हाला सांगतो, गेल्या पंधरा दिवसांत हे दोन शब्द मी इतक्या तोंडांतून ऐकले, की आता घरात कोणी चहा पुढे करून 'साखर कमी पडलीय, चालेल ना' म्हटलं तरी माझ्या कपाळाची शीर उडायला लागते.

आता तुम्ही म्हणाल, झुलालभाऊ, तुम्ही मोटार वाइंडिंगवाले. धुळ्यात देवपुरात अठ्ठावीस वर्षं तुमचं दुकान, विहिरीवरची मोटार जळली की शिरपूर-शिंदखेड्याचा शेतकरी ती बैलगाडीत, टेम्पोत, एसटीच्या टपावर टाकून तुमच्याकडे आणतो, तुम्ही तिच्या पोटातली जळकी तार काढता, नवी भरता, संपला विषय. तुम्हाला कोणी सांगितलं होतं कॉम्प्युटरला कॅमेरा बसवायला? बरोबर आहे. मलाही हेच विचारायचंय. पण विचारणार कोणाला? घरात वच्छलाबाई आहेत ना!

वच्छलाबाई म्हणजे आमची मंडळी. बाई तशी गरीब, बोलणं मोजून, पण एक शब्द असा टाकते की माणूस रात्रभर कूस बदलत राहतो. झालं काय, आमचा एकुलता एक मुलगा योगराज, इंजिनियर झाला, पुण्याला गेला, पुण्याहून अमेरिकेत गेला, त्याला झाली तीन वर्षं. सूनबाईही तिकडेच. आणि आठ महिन्यांपूर्वी तिकडेच त्यांना मुलगा झाला. नाव नील. आम्हाला टपालानं फोटो आला एक, त्यात पोरगं दुपट्यात इतकं गुंडाळलेलं की फक्त नाक दिसतं, आणि ते नाक आमच्याकडचं की सूनबाईच्या माहेरचं, ह्यावरून दोन घरांत अजून बोलणी चालू आहेत!

आणि आला श्रावण. आपल्याकडे कानबाई बसते हे मी तुम्हाला सांगायला नको, पण बाहेरगावचं कोणी बसलं असेल म्हणून सांगतो. नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी आमच्या घरात नारळाची कानबाई देवी बसते, नथ, मंगळसूत्र, सगळा साज घालून. आणि तिच्या नैवेद्याचा रोट करायचा, त्यासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढायचा. म्हातारा असो, तान्हा असो, जवळ असो, लांब असो... नाव घ्यायचं, मूठ काढायची, सगळ्यांच्या मुठी एकत्र दळायच्या. आणि आमच्या आईनं वच्छलाबाईंना रीत घालून दिलेली, की नाव घेताना त्या माणसाचं तोंड डोळ्यांपुढे आणायचं, मगच मूठ भरायची. नुसतं नाव घेतलं तर ती मूठ रिकामी. झालं! बाई गहू निवडत बसलेली, निवडता निवडता थांबली आणि म्हणाली, "आयकं का... नीलनी मूठ काढनी शे ना?"

म्हटलं, "म्हणजे काय! घरातला पुरुष आहे तो. आठ महिन्यांचा असला म्हणून काय झालं?"

"ते खरं. पन तोंड दखं नही, आनि मूठ कोनना नावनी काढू?"

बास. एवढंच. परत खाली मान घालून खडे वेचायला लागली. आता ह्यावर काय बोलता तुम्ही? अहो, मी त्या फोटोतलं नाक दाखवायला गेलो तर म्हणते, "नाकनी मूठ काढतस का कोनी?" मी आपला दुकानात येऊन बसलो, पण तार भरताना वेढे चुकायला लागले.

कानबाईला दोन आठवडे असताना, एका रविवारी योगराजचा फोन आला. अमेरिकेचा फोन तुम्हाला माहितीय, त्यात बोलायचं नसतं, पळायचं असतं. मी पळतच त्याला मूठ सांगितली, तोंड सांगितलं, आईची अडचण सांगितली. तो म्हणाला, "आबा, माझा जुना कॉम्प्युटर आहे ना घरी? त्याच्यासाठी वेबकॅम म्हणून छोटासा कॅमेरा मिळतो आता. तो लावला की इंटरनेटवरून एकमेकांना बघता येतं. फार महागातला घेऊ नका. पण आधी तुमच्या कॉम्प्युटरला चालतो का ते नीट बघा हं, आणि आबा, एक लक्षात घ्या, की—"

"समजलं रे, समजलं! चालेल ना! बाप मोटारी बांधतो तुझा, मला शिकवतो?"

आणि ठेवला मी फोन. आता हे 'एक लक्षात घ्या की' तुम्ही लक्षात ठेवा. मी नाही ठेवलं.

कॉम्प्युटर तर होता. योगराजनं कॉलेजात असताना सुटे भाग आणून जोडलेला. वच्छलाबाईंनी त्याला जुन्या लुगड्याचा गलेफ शिवलेला, आणि तीन वर्षं त्याच्यावर खंडेनवमीला हळदकुंकू वाहण्यापलीकडे काही झालेलं नव्हतं. मी गेलो पाचकंदिलापाशी पुनाभाऊकडे. पुनाभाऊ टीव्ही विकतो, मिक्सर विकतो, इस्त्री विकतो, आणि हल्ली दोन हजार साल येतंय म्हणून कॉम्प्युटरचंही थोडं ठेवतो. त्याला म्हटलं, "पुनाभाऊ, वेबकॅम आहे? स्वस्तातला? घरचा कॉम्प्युटर जुना आहे, मुलाच्या कॉलेजातला, त्याला चालेल का?"

"चाली ना भो! कायबी इचारू नका, लई जा!"

तुम्हाला सांगतो, त्या 'चाली ना'त इतका विश्वास होता, इतका विश्वास होता, की मी खोकंसुद्धा उघडून पाहिलं नाही! घरी आणलं. उघडलं. लिंबाएवढा डोळा, त्याला पांढरी वायर, आणि वायरीच्या टोकाला चपटं, पातळ, पत्र्याचं तोंड. म्हटलं घालू. कुठं घालू? कॉम्प्युटर भिंतीपासून ओढला, मागे बॅटरी मारली, गोल भोकं आहेत, लांबट भोकं आहेत, पिना असलेली आहेत, पिना नसलेली आहेत, एका भोकात तर झुरळ राहायला आलेलं... पण चपटं? चपटं एक नाही! अर्धा तास मी ते तोंड प्रत्येक भोकाला लावून बघतोय. परत गेलो पुनाभाऊकडे. तो म्हणे, "नवी मशीनले चाली व्हती ना भो, तुमनी जुनी शे!" अरे, मी जुनी म्हणूनच तर विचारलं होतं! पैसे परत देत नाही म्हणे, बदल्यात वस्तू घ्या. म्हणून सध्या आमच्या घरात दोन मिक्सर आहेत.

मग गेलो लीलाधर सरांकडे. आमच्या दुकानाच्या वरच्या माळ्यावर त्यांचा कॉम्प्युटरचा क्लास. माणूस चांगला, फक्त घाबरट. त्यांनी घरी येऊन सगळं तपासलं आणि म्हणाले, "झुलालनाना, ह्याला ते नवीन तोंड नाहीच. ह्याला प्रिंटरच्या पिनेत बसणारा जुन्या पद्धतीचा कॅमेरा पाहिजे. तो इथं नाही मिळायचा, जळगावला बघा. आणि घेताना तीन गोष्टी विचारा. प्रिंटरच्या पिनेत बसतो का, विंडोज पंच्याण्णववर चालतो का, आणि रॅम सोळा आहे त्यात भागेल का." मी म्हटलं, रॅम म्हणजे? ते म्हणाले, आता कसं सांगू... तुमच्या मोटारीला एचपी असते ना, तसं समजा. म्हटलं, असं बोला ना मग! आलं ध्यानात!

पण ह्या वेळी मी हुशार झालो होतो. नुसत्या तोंडी विचारण्यावर जाणार नव्हतो. कॉम्प्युटरच्या पाठीवर पांढरा कागद धरला आणि वरून पेन्सिल घासली. आमच्या धंद्यात जुन्या पार्टाचं माप असाच छाप काढून नेतात. बघता बघता सगळी भोकं, सगळ्या पिना, स्क्रूसुद्धा कागदावर उमटले. तो कागद घडी न घालता पुठ्ठ्यावर लावला, छातीशी धरला आणि सकाळी सहाच्या एसटीत चढलो. पारोळ्याला बसायला जागा मिळाली, तेव्हापासून शेजारचा गृहस्थ त्या कागदाकडे चोरून बघत होता. एरंडोल आलं तसं त्यानं हळूच विचारलं, "भाऊ, कोणाचा एक्सरे आहे? जास्त आहे का?" म्हटलं, "मुलाच्या कॉम्प्युटरचा." उतरताना तो माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "होईल बरं." अहो, काय होईल!

जळगावात रतिलालचं दुकान. दुकान एवढंसं, पण माल भरलेला. रतिलाल मूळचा सावद्याकडचा, घरची केळी, बोलणं अगदी गोड. मी कागद पुढे ठेवला, नातवाचं तोंड बघायचंय म्हणून सांगितलं, तीन प्रश्न ठेवले. त्यानं कागद उजेडात धरला, मुलीची पत्रिका बघावी तसा वरून खाली पाहिला, आणि तीन कॅमेरे काढून ठेवले. एक पाच हजाराचा, एक साडेतीनचा, एक दोन हजाराचा. मी पाचकडे पाहिलंच नाही. साडेतीनकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं. दोनवर बोट ठेवलं.

"हा प्रिंटरच्या पिनेत बसतो?"

"बसतो ना!"

"विंडोज पंच्याण्णव?"

"अगदी! पंच्यान्नवसाठीच बनोला असं समजा!"

"आणि रॅम सोळा आहे... चालेल का?"

"चालीन ना भाऊ! काहून नाही चालनार!"

आणि असं म्हणताना... लक्ष द्या हं, इथं माझा खरा अभ्यास आहे... असं म्हणताना त्यानं खोकं माझ्यासमोर धरलं आणि त्याचा अंगठा खोक्याच्या एका ओळीवर ठेवला. मी ओळखला तो अंगठा! अहो, अठ्ठावीस वर्षं मी तोच अंगठा वापरतोय! जुनी मोटार विकताना नेमप्लेटवर जिथं एचपी लिहिलेली असते, बरोबर तिथं माझा अंगठा असतो. शेतकरी विचारतो, 'झुलालभाऊ, विहीर सत्तर फूट शे, चाली का?' आणि अंगठ्याच्या वरून मी म्हणतो... काय म्हणतो? तुम्हीच सांगा काय म्हणत असेन! तर मी रतिलालला म्हटलं, "शेठ, अंगठा काढा." त्यानं अंगठा काढला. खाली लिहिलेलं, रॅम बत्तीस. मी त्याच्याकडे पाहिलं, त्यानं माझ्याकडे पाहिलं. धंदेवाल्यानं धंदेवाल्याकडे पाहावं तसं. मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "चालीन भाऊ... रखडत चालीन. नातवाचं तोंड पाह्याचं ना? रखडत पाहा." आता एवढं खरं बोलल्यावर मी काय करणार? घेतला.

घरी आलो तर पुढचं नाटक तयारच! कॅमेऱ्याचा जो प्रोग्राम कॉम्प्युटरला भरायचा तो चकचकीत सीडीवर, आणि आमच्या कॉम्प्युटरला सीडीचं तोंडच नाही, त्याला फक्त फ्लॉपी. लीलाधर सरांनी क्लासच्या कॉम्प्युटरवरून तो प्रोग्राम तोडून तोडून अकरा फ्लॉप्यांवर घेतला. घरी आले, एक, दोन, तीन, चार, भरतायत, भरतायत, सातवी घातली आणि कॉम्प्युटर रुसला. सातवी खराब. पुन्हा क्लासला. पुन्हा सातवी. पुन्हा खराब. मी विचारलं, "सर, आठवीच घालून बघू, सातवीशिवाय चालेल का?" तर हा माणूस, शिकलेला माणूस, घाम पुसत मला म्हणतो, "चालेल ना!" नाही चालली! मी स्वतः स्टेशन रोडला जाऊन नवी फ्लॉपी आणली तेव्हा शनिवारची दुपार झालेली, आणि कानबाई रविवारी.

त्यात आणखी एक. ह्या कॅमेऱ्याला करंट लागतो तो कीबोर्डच्या वायरीतून घ्यायचा. कॅमेऱ्याची पीन बारीक, आमच्या कीबोर्डची जाड. लीलाधर सर खुर्चीतच बसले. म्हणाले, "संपलं नाना. आता पुन्हा जळगाव." म्हटलं, सर, व्होल्ट किती? म्हणे पाच. पाच! चारशे चाळीस व्होल्टशी खेळण्यात माझे केस गेले आणि हे मला पाच सांगतात! वायरी सोलल्या, रंगाला रंग लावला, कथलाची झाळ दिली, टेप मारली. सर दारात उभे, एक पाय बाहेर. बटण दाबलं... आणि कॅमेऱ्याच्या डोळ्याशेजारी हिरवा दिवा लागला. तुम्हाला सांगतो, मला इतका आनंद झाला की मी सरांना दुसरा मिक्सर देऊन टाकणार होतो.

रविवार उजाडला. योगराजशी सकाळी सातची वेळ ठरलेली, तिकडे तेव्हा शनिवारचे रात्रीचे साडेनऊ. नरडाण्याहून माझा धाकटा भाऊ धनसिंग रोटासाठी सहकुटुंब आदल्या दिवशीच आलेला. सगळे कॉम्प्युटरसमोर सतरंजीवर. वच्छलाबाई मधोमध खुर्चीवर, हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, मांडीवर गव्हाचं सूप. तिचं म्हणणं, तोंड दिसलं की लगेच, तिथल्या तिथं मूठ काढणार. लीलाधर सरांनी क्लासचा मोडेम आणून आमच्या फोनच्या लाइनीवर इंटरनेट लावलं. ते आधी कण्हतं, मग किंचाळतं, मग गप्प बसतं. दोनदा तुटलं. तिसऱ्यांदा लागलं. पडद्यावर एक चौकोन आला, पासपोर्ट फोटोएवढा. काळा... काळा... मग करडा... मग हललं काहीतरी. वच्छलाबाई पुढे वाकली, चौकोनातलं ते हिरवं काहीतरी तेही पुढे वाकलं.

"वं माय! हाई ते मीच शे!"

धनसिंग म्हणतो, "भाऊ, हाई ते आपलंच घर शे! तो दखा मना पाय!" पोरं टाळ्या पिटायला लागली. म्हटलं, थांबा रे, आधी आपण दिसतो, मग ते दिसतील, लाइन उलटी असेल थोडी. पाच मिनिटं झाली. आम्ही आमच्याकडेच बघतोय! तेवढ्यात खाली अक्षरं उमटली. आवाजाची सोय नव्हती, लिहूनच बोलायचं, इंग्रजी अक्षरांत मराठी. लीलाधर सर वाचून दाखवायला लागले. "आई... दिसली. आई दिसली. आबा दिसले. काका पण दिसले." मी म्हटलं, "सर, त्याला लिहा, आम्ही दिसलो ते राहू दे, आता तू दिस!" सरांनी लिहिलं. उत्तर आलं. सर वाचेनात.

"वाचा ना सर."

"म्हणतोय, मी कसा दिसणार आबा? माझ्याकडे कॅमेरा कुठंय? तेच सांगत होतो फोनवर, एक लक्षात घ्या, की तुमचा कॅमेरा लावल्यावर तुम्ही मला दिसणार, मी दिसायचं तर मलाही इकडे लावावा लागेल. आधी तुमच्याकडे चालतो का बघू, मग घेऊ म्हटलं. तुम्ही फोन ठेवलात."

आता हसू नका! तुम्ही माझ्या जागी येऊन बघा! माझं सगळं आयुष्य गेलं पंपात. आपल्या विहिरीवर मोटार बसवली की पाणी आपल्या शेतात येतं, येतं की नाही? शेजाऱ्यानं बसवली का नाही बसवली, आपल्याला काय करायचंय? मग आपल्या घरी कॅमेरा बसवल्यावर तिकडचं तोंड आपल्याकडे ओढलं जाणार, हे मला विचारावंसं तरी का वाटेल? आणि हे यंत्र निघालं उलटं! ते ओढत नाही हो, ढकलतं! दोन हजार खर्चून, जळगावला जाऊन, झाळ देऊन, मी माझ्या विहिरीचं पाणी अमेरिकेच्या शेतात सोडत होतो!

धनसिंगनं पाय आत घेतले. मी वच्छलाबाईकडे बघायची हिंमत केली नाही. चौकोनात मात्र ती दिसत होती, तिथं बघणं सोपं होतं. सूप मांडीवर, हात सुपात, तशीच बसलेली. लाज वाटली मला. खरंच लाज वाटली. एवढीशी गोष्ट मागितली होती बाईनं.

पण तिकडून अक्षरं थांबेनात. सर वाचतायत, "आईला सांगा, हलू नको, हललं की पुसट होते." बाई हलेना. "आईचे केस किती पांढरे झाले." मग थोडं थांबून, "आई एवढी वाळली कशी? तुम्ही तर फोनवर म्हणता सगळं ठीक आहे."

आता सांगतो तुम्हाला. वैशाखात तिला टायफॉईड झाला होता. तीन आठवडे अंथरुणात. योगराजला कळवलं नव्हतं. त्यानं विचारलं, आई कशी आहे, की मी म्हणायचो, ठीक आहे ना! लांबचा पोरगा, तिकडे जीव टांगणीला कशाला लावायचा, हाच हिशोब. आणि आता दोन हजाराचं ते लिंबू माझं सगळं बोलणं खोटं पाडून मोकळं झालं. सर माझ्याकडे बघतायत, काय लिहू? म्हटलं, "लिहा... लिहा, कॅमेरा स्वस्तातला आहे, त्यात माणूस बारीक दिसतं."

सरांनी तसंच लिहिलं. मग आलं, "आबा, मग तुम्ही का जाड दिसताय?"

सगळे हसले. वच्छलाबाईसुद्धा हसली, पदर तोंडाला लावून. आणि डोळेही पुसले, त्याच पदरानं. मग तिनं काय करावं? सुपातली मूठ भरली आणि कॅमेऱ्यासमोर धरली, अशी, पुढे. म्हणाली, "सर, त्याले लिखा, हाई नीलनी मूठ शे. त्याले दखाडा." सरांनी लिहिलं. मूठ तशीच हवेत. ती खाली घेईना, हललं की पुसट होतं ना! तिकडून आलं, "नीलला मांडीवर घेतलंय. बघतोय. पडद्याला हात लावतोय. आईच्या तोंडावर हात ठेवलाय त्यानं, काढतच नाही."

ते वाचून झालं आणि लाइन तुटली. तुटणारच. मी म्हटलं, "पुन्हा लावू? थांब, लावतो." तर ही म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. त्यानी माले दखं ना? मंग बस व्हयनं." आणि डोळे मिटले, ओठांतल्या ओठांत नाव घेतलं आणि ती मूठ दळायच्या गव्हात टाकली, वर पाव मूठ टाकली, सव्वा झाली. उठली, दळायला गेली.

दुपारी मी विचारलं, न राहवून. म्हटलं, मूठ काढलीस ती तोंड कोणाचं आणलंस डोळ्यांपुढे? तर कढईतली डांगराची, लाल भोपळ्याची भाजी परतत, माझ्याकडे न बघता म्हणते, "योगराजनं तोंड. तो आठ महिनाना व्हता ना, तव्हयनं."

संध्याकाळी कानबाई बसली, सोमवारी सकाळी वाजतगाजत विसर्जनाला गेली. दुपारी मी दुकान उघडलं तर पायरीवर भटू बसलेला, शिरपूरकडचं जुनं गिऱ्हाईक. त्याला शेतावर वीज सिंगल फेजची, आणि माझ्याकडे पडलेली थ्री फेजची मोटार स्वस्तात पाहिजे. म्हणे, "झुलालभाऊ, चाली का?" तुम्हाला सांगतो, जीभ सवयीनं वळलीच होती! पण पंधरा दिवसांचं सगळं डोळ्यांसमोर आलं, पुनाभाऊ, सातवी फ्लॉपी, तो अंगठा... आणि अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा मी गिऱ्हाईकाला म्हणालो, "नाही चालणार." अहो, त्याचं तोंड असं उतरलं, असं उतरलं, की मीच कसनुसा झालो! बिचारा उठला, समोरच्या दुकानात गेला. इकडे मला ऐकू येतंय, "चाली ना भो!" आणि भटू हसत हसत दुसरीच एक मोटार टेम्पोत चढवून घेऊन गेला. जाताना मला हातसुद्धा केला नाही. आता तो आठवड्यात परत येणार, जळकी मोटार घेऊन, माझ्याकडेच. पण तो आठवडा तर त्याचा सुखात जाणार ना? तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच घोळतंय, की लोक खोटं बोलतात ते सगळंच विकायला बोलतात की काय.

आणि आज सकाळी योगराजचा फोन. "आबा, मी इकडे कॅमेरा घेतला. येत्या रविवारी नील दिसेल तुम्हाला. फक्त एक आहे, ह्या वेळी फोन ठेवू नका, पूर्ण ऐका. पाठवणं आणि घेणं दोन्ही एकदम करायचं तर तुमच्या कॉम्प्युटरला सोळा रॅम पुरायची नाही, बत्तीस लागेल, आणि इतक्या जुन्या मशीनला ती मिळेल की नाही, बसेल की नाही, मला शंका आहे. काय वाटतं तुम्हाला? चालेल का?"

मी पूर्ण ऐकलं. समोर वच्छलाबाई उभी, हाताला पीठ. तिला फोनमधलं ऐकू येत नव्हतं, ती माझ्या तोंडाकडे बघत होती. नुसती बघत होती हो... आता तुम्ही सांगा, तिथं उभं राहून तुम्ही काय म्हणाला असता?

"चालेल ना!" म्हटलं मी.

तर उद्या सकाळी सहाची एसटी. छापाचा कागद काढून ठेवलाय, रतिलालला पुन्हा गाठायचाय. कोणी येताय का सोबत? पारोळ्यापर्यंत बसायला जागा मिळत नाही, उभं राहावं लागतं... चालेल ना?